विमलताईंच्या बसची चोरीला गेलेली ताकद

माझं नाव दीनानाथ मोहरील. दिग्रस आणि आसपासच्या मुलखात गुप्तहेर म्हणून माझा जो दबदबा आहे, तो निव्वळ माझ्या विनयामुळे अजून कोणाच्या लक्षात आलेला नाही. भूमापन कार्यालयात मी बत्तीस वर्षं नकाशे सांभाळले, आणि नकाशावर नजर बसलेल्या माणसापासून जमिनीवरचं काही लपत नाही. तीक्ष्ण नाक, खोल डोळे, रुंद कपाळ. हे कपाळ केस गेल्यामुळे रुंद झालं असं माझी बायको सुनीती म्हणते. पण ती तपासात सहायक आहे, प्रमुख नव्हे. गल्लीतल्या पाण्याच्या मोटारीच्या चोरीचा छडा मी अकरा दिवसांत लावला होता. बाराव्या दिवशी मोटार मालकानेच दुरुस्तीच्या दुकानातून घरी आणली, हा भाग वेगळा.

मे महिन्यात एका सकाळी विमलताई गावंडे आमच्याकडे आल्या. खरं म्हणजे त्या सुनीतीकडे मोठी परात मागायला आल्या होत्या, पण माझ्यासमोर आलेला माणूस मन मोकळं केल्याशिवाय जात नाही. मी दाराच्या मध्येच खुर्ची टाकून बसतो.

विमलताईंच्या बचत गटातल्या सात बायकांनी दोन वर्षांपूर्वी एसटीच्या लिलावातली एक जुनी बस घेतली होती. आतली बाकं काढून शेगड्या, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली, आणि चालतं-फिरतं स्वैपाकघर केलं. लग्न कुठल्याही खेड्यात असो, बस मांडवाशेजारी उभी राहायची आणि आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी गरमागरम पानात पडायची.

"गाडीचा दमच गेला, दीनानाथभाऊ," विमलताई म्हणाल्या. "सपाटीवर चालते, पण चढ आला का बसते. मांगच्या हप्त्यात सावरटेकडीच्या चढावर अडली. पंगत चार वाजता बसली. नवरदेवाच्या आज्यानं ताट पाहून मले हात जोडले."

"मग?"

"मंग काय? परवा तिथंच दुसरं लग्न हाये. नवरीचा काका नागोराव म्हणे, ताई, हा अखरीचा मौका. आता उशीर झाला तर टेकडीवरच्या एकाबी गावात आमाले कोणी बलावत नाही. बाया पुन्हा लोकाच्या वावरात निंदाले जातीन."

एवढं बोलून त्या परातीकडे बघत राहिल्या. मला वाईट वाटलं. गुप्तहेराला मन असतं, ते वेळेवर झाकता आलं म्हणजे झालं.

"विमलताई," मी म्हणालो, "ताकद जात नसते. ती नेली जाते. आपल्याला फक्त नेणारा शोधायचा आहे."

"परात घेऊन जा आधी," सुनीती आतून म्हणाली.

बस गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी होती. विमलताईंचा मुलगा रजत ती चालवतो. तो आणि रामलाल मिस्त्री इंजिनात डोकं घालून बसले होते.

"साब, इंजिन में कुछ खराबी नहीं," रामलाल म्हणाला. "हवेचा फिल्टर खोलला, एकदम नव्यासारखा साफ. इतकी साफ गाडी मी जिल्ह्यात पाह्यली नाही. डिझेलचा पंप वाढवून देला, तर ताकत नाही वाढली, नुसता काळा धूर वाढला."

"मी म्हणतो टर्बो लावू, काकाजी," रजत म्हणाला. "मंग पाहा, उडतेच."

मी हात वर करून दोघांना गप्प केलं. फिल्टर स्वच्छ, म्हणजे हवेत खोट नाही. उरलं डिझेल. मी बोट बुडवून ते चाखलं. चव डिझेलसारखीच होती, हा निष्कर्ष पुढचे दोन दिवस माझ्या जिभेवर होता. तरीही भेसळ करणारा कोणीतरी असणारच. संशय गेला सोनू केटररवर, कारण विमलताईंची बस आल्यापासून त्याची लग्नं कमी झाली होती, आणि तरी तो हसून बोलायचा. आठवडी बाजारात मी त्याचा पाठलाग केला. कांद्यांपासून भोपळ्यांपर्यंत मी सावलीसारखा मागे होतो. शेवटी तो वळून म्हणाला, "काकाजी, मांगं मांगं येऊनच राह्यले, तर ही पिशवी धरता काय?" मी धरली. आठ किलो बटाटे परक्याच्या हाती सोपवणारा माणूस दगाबाज नसतो, म्हणून मी त्याला दोषमुक्त केलं.

मग मी मानसशास्त्राकडे वळलो. बसने पंधरा वर्षं सरकारी नोकरी केली होती. मी स्वतः निवृत्त आहे; जिना दिसला की माझीही ताकद जाते. बसला चढ म्हणजे जिनाच. हा सिद्धांत मी घरी मांडला.

"मग तिलाही तुमच्यासारखं दुपारी तीन तास झोपू द्यायचं का?" सुनीती म्हणाली.

मी सिद्धांत राखून ठेवला आणि बसची कसून तपासणी केली. शिडी लावून टपावरही चढलो. पत्रा असा तापला होता, की तळहात शिडीच्या वरच्या दांडीवर ठेवूनच मी निरीक्षण केलं. बायकांनी कुरडया वाळत घातल्या होत्या. पलीकडे तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली लोणच्याची बरणी उन्हात ठेवली होती. संशयास्पद काही नव्हतं. 'टप निर्दोष' असा शेरा वहीत मारून मी खाली उतरलो.

राहिलं वजन. माझ्या आज्ञेवरून पाटा-वरवंटा उतरवला, जादा चाक उतरवलं, आणि चढावर सगळ्यांनी पायी चालायचं ठरलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला आम्ही सावरटेकडीच्या पायथ्याशी पोचलो. मुहूर्त साडेअकराचा. रजतने गाडी चढावर घातली. ती रडतखडत गेली, काळ्या धुराचा लोट सोडला आणि अर्ध्या चढावर उभी राहिली. रजतने दोनदा जोर लावला. धूर वाढला, गाडी हलली नाही. बायकांनी पळत जाऊन चाकांखाली दगड लावले.

विमलताई रस्त्याच्या कडेला तशाच उन्हात बसल्या. वरून मांडवातली सनई ऐकू येत होती.

मी मागून येत होतो. तापलेल्या वाऱ्याची लू लागू नये म्हणून मी डोक्याभोवती, नाकातोंडावरून दुपट्टा गच्च गुंडाळला होता, जसा आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक जण गुंडाळतो. चढ, ऊन आणि तपासाचा भार यांमुळे माझ्या छातीचा भाता झाला होता. बसपर्यंत आलो आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी खाली बसलो.

गटातली सगळ्यात वयस्क स्वैपाकीण मानीबाई धावत आली.

"अवो साहेब, चढावर कोणी इतका गच्च बांधते काय! सास कुठून घ्यान?" तिने एका झटक्यात माझा दुपट्टा सोडला. हवा आत गेली, आणि मी माणसांत आलो.

मानीबाई मात्र दुपट्टा हातात धरून तशीच उभी राहिली. मग बसच्या टपाकडे बघून म्हणाली, "अवो माय! म्या तिचाबी बांधला हाये!"

"कोणाचा?" रजतने विचारलं.

"गाडीचा! वर तो पाइप नाही काय, हवा वढाचा? लू सुरू झाली तवा बांधला. म्हटलं तिलेबी ऊन लागते, धूळ जाते तोंडात. चार पदर करून दादरा बांधला."

धूळ लागू नये म्हणून बस बांधणाऱ्याने इंजिनाचा हवेचा पाइप उंच करून टपावर काढला होता. रजत शिडीवर चढला. मी ज्याला लोणच्याची बरणी समजलो होतो, त्या पाइपाचा दादरा सोडून त्याने खाली टाकला. तो चुलीच्या पोतेऱ्यासारखा मळला होता. फिल्टर इतका स्वच्छ का होता, हे आता लहान पोरालाही कळलं असतं, मलाही कळलं.

मानीबाई रडायला लागली. "म्याच गळा दाबला वो तिचा! तुमची सगळ्याइची रोटी म्याच अडवली, विमल!"

विमलताई उठल्या आणि तिला जवळ घेतलं. "पोटच्या पोरीवानी जपलं तू तिले. कायले रडतं? चाल, पोळ्या लाटाच्या हायेत."

रजतने गाडी सुरू केली. धुराचा रंग बदलला, आवाज मोकळा झाला, आणि बस अशी निघाली की दगड काढणाऱ्या बायकांना पळत पळत आत चढावं लागलं. चढावर थांबायची हिंमत रजतला झाली नाही. त्यामुळे बस वर पोचली, आणि मी उरलेला चढ एकट्याने, प्रत्येक झाडाखाली बसत चढलो.

मी पोचलो तेव्हा पंगत बसली होती. पावणेबारा वाजले होते आणि पानात भाजीची वाफ दिसत होती. विमलताई पोळ्यांची टोपली घेऊन ओळीतून धावत होत्या, आणि त्यांचा चेहरा बघून मला, खरं सांगतो, मोटारीच्या प्रकरणापेक्षा जास्त आनंद झाला. पाटा उतरवल्यामुळे ठेचा मात्र मिक्सरमधला होता, आणि त्याबद्दल मला दोन्हीकडच्या वऱ्हाडाने ऐकवलं.

बाकीच्यांची जेवणं आटोपल्यावर नागोराव आले. बायका हातातली कामं सोडून उभ्या राहिल्या.

"ताई, जेवण पयल्या नंबरचं झालं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात माह्या पुतण्याचं लग्न, अन् शेजारच्या गावातलेबी दोन घरं इचारून राह्यले. तिन्ही तुमालेच. पण एक अट हाये."

विमलताईंचा हात पदरावर थांबला. "सांगा."

"हे तपास करणारे साहेब आणू नका. पाटा उतरवते, चाक उतरवते, अन् जेवाले बसले का तीन माणसाचं जेवते."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या पानात चौथी पोळी होती. मी ती हळूच भाजीखाली सरकवली.

"नाही भाऊ, साहेब तर येतीनच," विमलताई म्हणाल्या. "चढावर धापा टाकाले आमाले कोणीतरी लागते."