खांबेटे काकांकडे हसायला मनाई

खांबेटे काकांकडे विनोदी मालिका बघायला गेलात तर एक नियम पाळावा लागतो: हसायचं नाही. गालातल्या गालात हसलेलं चालतं. आवाज झाला की काका रिमोट उचलतात, अर्धा मिनिट मागे जातात आणि तो प्रसंग पुन्हा लावतात. "हसणारे आत बसलेत," ते टीव्हीकडे बोट दाखवून म्हणतात. "आपण बाहेरचे."

अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लागून काका एकटे राहतात. वय ऐंशी. मुलगा दूर बेलव्ह्यूला, नातवंडं फोनवर "हाय आजोबा" म्हणून पळणारी. काकू जाऊन सहा वर्षं झाली. तरुणपणी काका दोन वर्षं लंडनला नोकरीला होते, तेव्हा एक व्यसन लागलं ते सुटलं नाही: तिथल्या विनोदी मालिका आणि त्यांतले नट. मोठे नट नव्हेत. मोठ्यांचं काय, त्यांचं कौतुक सगळं जग करतं. काकांचा जीव तिसऱ्या पोलिसात आणि चौथ्या वेटरात. नावं आम्हाला पाठ होणार नाहीत म्हणून त्यांनीच सगळ्यांची बारशी केली आहेत: टकलू इन्स्पेक्टर, रडका पाद्री, चहावाल्या बाई.

या मंडळींच्या कुंडल्या काकांना तोंडपाठ.

"हा पोस्टमन बघ. अठरा वर्षं गावोगावच्या नाटकांत दार उघडलं. फक्त दार. मग टीव्हीवर तीन वर्षं पोस्टमन. लोक रस्त्यात अडवून पत्रं मागायचे याच्याकडे! मग दुसरं काम कोण देतो? हिवाळ्यात समुद्रकाठच्या गावांतून पोरांच्या नाटकात घोड्याच्या सोंगातले मागचे पाय. शेवटी एका सिनेमात प्रेत." इथे एक सुस्कारा. "प्रेत मात्र उत्तम केलं हो."

गेल्या पाडव्याला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात काकांनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. म्हणाले, सुतक आहे. पंगतीचे चेहरे उतरले. कोण गेलं, कधी गेलं, मुलाला कळवलं का? एका काकूंनी तर त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काका म्हणाले, "रडका पाद्री. चौऱ्याण्णव वर्षांचा होता. सकाळी बातमी वाचली, आंघोळ करूनच आलोय." काकूंनी हात काढून घेतला. मला हसू आवरेना. परत येताना गाडीत मात्र माझा मलाच राग आला, कारण बांधून दिलेलं श्रीखंडही काकांनी घेतलं नव्हतं.

यंदा भिंतीपलीकडचा आवाज वाढत चालला. आधी संवाद ऐकू यायचे, मग आमच्या कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. नवरा म्हणाला, "यार, कम्प्लेंट करू या का आता?" मी म्हटलं, आधी त्यांचे कान दाखवू.

कान तपासायला जाताना मी ड्राइव्ह करत होते. काका शेजारी हातमोजे पिळत बसले होते.

"मेधा, बोलणं गेलं तरी चालेल गं," ते अचानक म्हणाले. "हसणं जाता कामा नये."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लंडनला त्यांच्या खोलीत इतकी थंडी की अंथरुणातही कोट घालून बसायचं. प्रेक्षक बसवून होणाऱ्या मालिकांच्या रेकॉर्डिंगची तिकिटं मात्र फुकट आणि आत हीटर. सांगलीहून नुकत्याच आलेल्या काकूंना घेऊन ते एका संध्याकाळी ऊब खायला गेले. काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता. पोस्टमन काउंटरवरच्या बाईंना म्हणाला, "मी तुमची पत्रं वाचत नाही हो. उत्तर काय द्यायचं तेवढं सांगतो." सगळे हसले. काकांनी काकूंच्या कानात ते मराठीत सांगितलं. आणि सगळ्यांचं हसून झाल्यावर काकू हसल्या. एकट्या.

"ते टेपवर आलंय," काका म्हणाले. "कुसुमचे फोटो ढीगभर आहेत. पण घरात कॅमेरा चालू केला की ती तोंड मिटून बसायची. तिचा आवाज माझ्याकडे एवढाच."

मी लाल सिग्नलला थांबले होते आणि तो हिरवा झालेला मला मागच्या गाडीने सांगितला.

कान तपासणारी मुलगी इथेच वाढलेली. आडनाव मराठी, उत्तरं इंग्रजीत. "काका, युअर हाय फ्रिक्वेन्सी इज ऑलमोस्ट गॉन," ती म्हणाली, म्हणजे बारीक आवाज जवळजवळ गेलेच; मग तिने कानात घालायचं एक मशीन पुढे केलं. "बट धिस वन इज अमेझिंग. इट कट्स द बॅकग्राउंड."

"बाळ, मला बॅकग्राउंडच ऐकायचंय," काका म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. मी जमेल तसं समजावलं. मुलगी गुणी होती. पाऊण तास मान मोडून सेटिंग बदलत बसली. बोलणं स्वच्छ यायला लागलं. तिला तेवढ्यावरच थांबावं लागलं.

घरी आल्यावर काकांनी कोटही न काढता त्या मालिकेची डिस्क लावली. पोस्टमन बोलला. लोक हसले, शांत झाले. आणि त्या शांततेत एक बारीक, लाजरं हसू आलं. काका टीव्हीकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आली?"

"आली."

"मला नाही आली," काका म्हणाले.

मशीन नवीन आहे, कानाला सवय होईल, असलं काहीतरी मी बोलत सुटले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये एवढीच धडपड होती. काकांनी हाताने मला गप्प केलं, डिस्क मागे नेली आणि आवाज पूर्ण बंद केला.

"आता त्याच्याकडे बघ."

मी बघितलं. पोस्टमनने वाक्य म्हटलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं आणि तसाच थांबला. त्याचे डोळे प्रेक्षकांच्या अंधाराकडे वळले.

"एवढासा नट," काका हळूच म्हणाले. "त्याला मिनिटं मोजून दिलेली. दिग्दर्शक खेकसला असेल नंतर. तरी थांबला गं."

पडद्यावर पोस्टमन कसलीच घाई नसल्यासारखा उभा होता. मग त्याचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"झालं तिचं हसून," काका म्हणाले.