दोष आढळला नाही

बुलढाण्याच्या एका सरकारी कार्यालयात वाहनांचे दोष फार वाढले होते. ते कमी करण्याची जबाबदारी वाहन शाखेचे अधीक्षक गुलाबराव यांच्यावर होती. ड्रायव्हर उठसूट गाडी नादुरुस्त म्हणत. आता माणसाच्या शब्दावर काय दुरुस्ती करायची? गुलाबरावांनी गाडीचा दोष वाचणारा स्कॅनर मागवला आणि परिपत्रक काढलं: यंत्रावर कोड उमटला तरच दोष, कोड नसल्यास तक्रार निकाली.

पहिला आला जीपचा ड्रायव्हर कडूबा.

"साहेब, ब्रेक लागून नाही राह्यला. चारदा पाय मारा लागते, तवा कुठं जीप थांबते."

स्कॅनर लावला. दोष आढळला नाही.

मेकॅनिक शाकिर बाजूलाच होता. "साहेब, हे मशीन इंजिनचं वाचते. ब्रेकचं त्याले काय समजते?"

"ब्रेक खराब आहे असं ते म्हणालं का?"

"नाही."

"मग यंत्राच्या तोंडी आपले शब्द घालू नका," गुलाबराव म्हणाले आणि तक्रार निकाली निघाली.

कडूबा काही दुधखुळा नव्हता. कोडच पाहिजे ना? घ्या कोड. त्यानं इंजिनच्या एका सेन्सरची वायर उपटली. पिवळा दिवा लागला, स्कॅनरवर कोड उमटला आणि गुलाबरावांचा चेहरा खुलला. दुरुस्ती तत्काळ मंजूर झाली: वायर जोडणे. गॅरेजात गेलीच आहे तर ब्रेकही होईल, हा कडूबाचा हिशेब फसला. मंजुरी वायरपुरतीच होती. जीप 'दोषमुक्त' असं गुलाबरावांच्या सहीचं प्रमाणपत्र घेऊन परतली, ब्रेक होता तसाच.

बाकीच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र मिळणं शक्य नव्हतं. त्यांच्यात दोषच आढळला नव्हता, मग त्या दोषातून मुक्त होणार कशा? त्यामुळे रस्ता सुरक्षा सप्ताहाची फेरी बोथा घाटातून खामगावला निघायची ठरली, तेव्हा सर्वांत पुढे हीच जीप नेमली गेली. शिवाय वरून आदेश आला: प्रमाणपत्रावर ज्यांची सही, त्यांनी पुढच्या सीटवर बसावं.

गुलाबरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ब्रेक नाही म्हणावं तर परिपत्रक खोटं, आहे म्हणावं तर समोर घाट. आपलेच दात अन् आपलेच ओठ. बसले बिचारे.

"कडूबा, हळू घे बाबा."

"घेतो ना साहेब. पण हळू व्हायलेबी ब्रेकच लागते."

उतार लागला तसे गुलाबरावांनी दोन्ही पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरले. वळणावर समोरून प्रसेनजित नावाचा तरुण मोटरसायकलवर आला. कडूबानं जीप कडेच्या मातीत घातली, ती थांबलीही. पण त्याआधी मोटरसायकलला लागली. प्रसेनजितचा पाय मोडला.

चौकशीत गुलाबरावांना एवढंच विचारलं गेलं: ब्रेक होता का? कडूबा त्यांच्याकडे पाहत होता. खरं ओठांपर्यंत आलं होतं. गुलाबरावांना लाजही वाटली, नाही असं नाही. पण परिपत्रक त्यांचं होतं.

"स्कॅनर लावा," ते म्हणाले.

दोष आढळला नाही. गाडी निर्दोष, म्हणून चालवणारा निर्दोष, म्हणून पाठवणारे निर्दोष. घाटरस्त्याचंही प्रमाणपत्र निघालं. कडूबाची नोकरी वाचली, त्यानं मान खाली घातली. निर्दोष असल्याचा कागद नव्हता तो फक्त प्रसेनजितकडे.

"मी तं माह्या बाजूनंच येऊन राह्यलो होतो," तो प्लास्टरमधला पाय सावरत म्हणाला.

"तशी नोंद नाही," गुलाबराव म्हणाले, आणि दोष त्याच्या नावे निश्चित झाला.

जीप आजही सेवेत आहे. आपण घाटात असाल आणि मागून हॉर्न थांबतच नसेल, तर कृपया कडेला व्हावं. आणि आपण कडेलाच उभे होतो, असा दाखला आधीच काढून ठेवावा.