शांभवीच्या विद्यापीठबदलाचा सांगोपांग विचार

जी वस्तू महाग, ती चांगलीच असते. हे सत्य ज्याला पटत नाही त्यानं धंद्यात पडू नये, आणि खरं तर लेकरंही जन्माला घालू नयेत. लक्ष्मीपुरीतल्या प्रभुलिंग आण्णांना ते फार पूर्वीच पटलं होतं. आण्णांचं सरकी पेंडीचं दुकान. तीच पेंड साध्या पोत्यात असली की गिऱ्हाईक घासाघीस करतं, इंग्रजी छापाच्या पोत्यात घातली की मुकाट्यानं उचलतं. (म्हशीचं मत कुणी विचारत नाही.)

आण्णांची थोरली शांभवी कोल्हापुरातच कॉलेजात होती. दुसरं वर्ष पार पडलेलं, वर्गात पहिली. २००६ च्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या नादानं तिनं पुण्याजवळच्या एका नामांकित खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरला आणि दुर्दैवानं तिची निवड झाली. फी इथल्यापेक्षा कैक पटींनी जास्त, म्हणजे विद्यापीठ चांगलं होतं हे सिद्धच झालं. फक्त कोल्हापूरचं दुसरं वर्ष विद्यापीठवाले धरणार नव्हते, ते पुन्हा करायचं. इथं तर सरांनी तिला स्वतःच्या कामात हाताशी घेतलेलं, पुढच्या वर्षापासून त्यातला एक भाग तिच्या एकटीचा होणार होता. त्या भागावर पोरीचा फार जीव.

"आण्णा, मला हितंच ऱ्हायचंय," ती म्हणाली.

एवढं स्पष्ट मत आल्यावर समिती नेमणं भाग पडलं. निर्णय निःपक्षपाती व्हावा म्हणून शिक्षणातलं ओ की ठो कळत नाही अशांनाच समितीवर घेतलं. अध्यक्ष आण्णा (पैसे त्यांचे). आई शांतव्वा, चहा आणि काळजी विभाग. तज्ज्ञ म्हणून शिवय्यामामा, कारण मूळव्याधीच्या ऑपरेशनसाठी ते पुण्यात महिनाभर राहिले होते. आणि गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष सयाजी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण तशी पद्धतही नाही. शांभवीला कोपऱ्यात बसायची परवानगी होती.

समितीनं जीप करून प्रत्यक्ष पाहणी केली. पाहणीचा अर्धा वेळ गेटसमोर गेला, पाव कँटीनमध्ये आणि उरलेला जीप कुठं लावली ते शोधण्यात. गेटबद्दल एकमत झालं. असलं गेट साखर कारखान्यालाही नाही. इमारत सगळी काचेची, आणि शिपाई टाय लावून 'नो' म्हणतो.

"आपल्या हितला शिपाई बघा," शिवय्यामामा हळहळले, "तंबाखू मळत 'न्हाई' म्हणतोय."

शांभवीनं लायब्ररी कुठाय विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी तिला लिफ्ट दाखवली. मग तिनं विचारलं, "शिकवायला कोण आहे?"

"फॅकल्टी वर्ल्ड क्लास आहे."

"पण नाव?"

"ते जॉईन झाले की कळवू."

"नाव सुदीक सांगत न्हाईत," मामा परतीच्या वाटेवर म्हणाले, "म्हंजे केवढा मोठा माणूस असंल!"

शांतव्वांनी शास्त्रीय बाजू मांडली. "कोल्लापुरात शिकलेल्या पोरीला इचलकरंजीची स्थळं येत्यात. पुण्यात शिकली तर अमेरिकंची येतील." हा मुद्दा तिथल्या तिथं मंजूर झाला.

पण शांभवी बापाचीच लेक. जेवणं झाल्यावर पान लावत बसलेल्या आण्णांना गाठून ती म्हणाली, "आण्णा, पोतं बदललं म्हणून पेंड बदलती व्हय?"

आण्णांचा हात थांबला. धंद्याचं गुपित घरच्याच पोरीनं तोंडावर मारलं होतं. शेवटी ते हसले. "ऱ्हा मग हितंच. उद्या सांगतो समद्यास्नी." पोरगी एवढी हरखली की तिनं न सांगता भांडी घासली.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला होता. 'जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल आमची भगिनी कु. शांभवी हिचे हार्दिक अभिनंदन.' शांभवीचा फोटो तिकिटाएवढा. शेजारी गॉगल लावून, मोबाईल कानाला धरून सयाजी, माणसाएवढा. खाली पन्नासभर शुभेच्छुक. त्यातल्या निम्म्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, उरलेल्यांचं तोंड कॉलेजनं पुन्हा पाहू इच्छिलं नव्हतं.

आण्णा धावत गेले. "सयाजी, काढ त्यो. ती जाणार न्हाई."

"काढायचा?" सयाजी दुखावला. "आण्णा, समद्या पेठेनं बघितलाय की! आता न्हाई गेली तर लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील ते दुपारपर्यंत कळलं. समोरचा पेंडवाला पेढे घेऊन दुकानात आला. तोंड भरून अभिनंदन केलं आणि जाता जाता हळूच म्हणाला, "फी झेपतीया न्हवं?"

आण्णांनी तसंच दुकानाचं शटर ओढलं, बँकेत गेले आणि डीडी काढला. फ्लेक्सवर छापलेलं खोटं ठरवायची कोल्हापुरात रीत नाही.

शांभवी रडली. "काल व्हय म्हणालासा की!"

"काल फ्लेक्स नव्हता, बाळ," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडं बघायचं टाळलं.

ती गेली. काचेच्या इमारतीत बसून तिनं पाठ असलेलं वर्ष पुन्हा पाठ केलं. इथं सरांनी थोडे दिवस वाट बघितली आणि तिचा भाग दुसऱ्या पोराला देऊन टाकला. त्यानं तो कसाबसा उरकला म्हणतात. गल्लीला मात्र तिचा फार अभिमान.

आता वाचक समितीला नावं ठेवत असतील. ठेवावीत, लायकच आहेत सगळे. तुम्हाला गेट कसं होतं ते माहीत झालं, शिपायाचा टाय माहीत झाला, मामांची मूळव्याधसुद्धा माहीत झाली. पोरगी शिकत काय होती, हे आम्ही एवढ्या वेळात कुठंच सांगितलं नाही, आणि त्यावाचून तुमचंही काही अडलं नाही.