बिनशेपटीचा कावळा

ही गोष्ट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खरी आहे. शेगावच्या दिशेला तोंड करून सांगतो. (शेगाव आमच्या घरापासून नेमकं कोणत्या दिशेला येतं यावर घरात एकमत नाही, त्यामुळे शपथ थोडी हलकी पडली असेल तर तो दिशेचा दोष समजावा.) सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. ऐन मोक्याच्या वेळी डोळे मिटलेले होते, ही गोष्ट वेगळी.

आणि आधीच सांगून ठेवतो, ही हसण्यासारखी गोष्ट नाही. तिच्यात एक माणूस मरतो. सासरा झाला म्हणून काय झालं, माणूसच.

मी बुलढाण्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक गोरा माणूस टेबलाएवढा त्रिकोणी पत्रा हवेत भिरकावतो आणि तो पत्रा घारीसारखा उडत जातो. त्याला ना धड, ना शेपटी. नुसता पंख. मागे मोटर, खाली उभ्या माणसाच्या हातात रिमोट. मी डबा बंद केला आणि ठरवलं, आपणही करायचं. लग्न सोडलं तर इतक्या कमी विचारानं मी दुसरा निर्णय घेतलेला नाही.

मोटर, रिमोट, बॅटरी पार्सलनं आली. पंखासाठी हलकी शीट हवी होती, म्हणून बसस्टँडमागच्या कामरानच्या दुकानात गेलो. कामरान माझा जुना मित्र. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बोर्ड छापतो. (दोन्हीला फुलं तीच.) त्याच्याकडे पन्हळी प्लास्टिकचा एक मोठा बोर्ड परत आलेला होता. श्रद्धांजलीच्या त्या बोर्डावर कामराननं गेलेल्या माणसाऐवजी त्या माणसाच्याच जिवंत धाकट्या भावाचा फोटो छापला होता.

“लेलो भाई,” कामरान म्हणाला, “मनहूस माल आहे. काय बनवून राह्यले?”

“विमान.”

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. “भाई, ये उडेगा नै. और उडा तो उतरेगा नै.”

बाहेरच्या खोलीत मी बोर्ड कापायला घेतला आणि त्याच आठवड्यात धाड गावाहून सासऱ्यांना आणलं. भगवानराव, म्हणजे आमचे मामाजी, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. फुफ्फुसं गेली होती. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला, खाली ठेवला आणि मामाजींना विचारलं, “बाबा, तुम्हाला खायला काय आवडतं?” त्यावरून आम्ही काय समजायचं ते समजलो. मामाजींनी “बोंबील” असं उत्तर दिलं.

त्यांची खाट बाहेरच्या खोलीत टाकली. एका बाजूला ऑक्सिजनची नळकांडी, दुसऱ्या बाजूला माझा कारखाना. ते दिवसभर माझ्याकडे बघत पडायचे.

“शेपटी कुठी हाय याची?”

“याले शेपटी नसते मामाजी.”

“हॉर्न?”

“हॉर्नबी नसते.”

“अन् ड्रायवर?”

“ड्रायवर खालीच उभा राह्यते. रिमोट घेऊन.”

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. “म्हंजे गाडी पडली तं ड्रायवर वाचते.”

“हाव.”

“चांगली नोकरी हाय.”

एकदा तोल बघायला मी पंख दोन बोटांवर उचलून धरला आणि खालची बाजू त्यांच्या डोळ्यांसमोर आली. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्र’ एवढं होतं आणि पुढे त्या जिवंत भावाचा अर्धा चेहरा.

“कोन गेलं?” मामाजींनी विचारलं.

“कोनी नाई. जुना बोर्ड हाय.”

“मले वाटलं माह्यावालाच छापून आनला.”

विमल, म्हणजे आमची ही, स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आली. गेट रंगवून उरलेला काळा रंग घरात होता. मी तातडीनं पंख शेजारच्या रिकाम्या खाटेवर उलटा घातला आणि दोन्ही बाजूंना रंग फासून श्रद्धांजली झाकून टाकली. आता तो पंख न राहता एक प्रचंड मोठा, चपटा, मेलेला कावळा दिसू लागला. मामाजींना मात्र तो फार आवडला. त्या संध्याकाळी ते विमलला म्हणाले, “पोरी, हे उडालं का एकदा पाहातो, अन् मंग जातो.”

तिनं मला मागच्या अंगणात नेलं.

“ऐकलं का बाबा काय म्हनले?”

“हाव. रविवारी उडवू ना, आरटीओच्या मागच्या मैदानात.”

“उडवू नका.”

“काऊन?”

“पाह्यलं का जाईन म्हनते ते. मंग पाहूच नाई देयाचं. तुम्ही उडवूच नका.”

माणसाला न उडणाऱ्या विमानावर जिवंत ठेवायचं, असा उपचार कोणत्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. पण तिच्या तोंडाकडे पाहून मी मान हलवली. रविवारी मी मामाजींना सांगितलं, हवा फार आहे. पुढच्या रविवारी सांगितलं, हवा अजिबात नाही. मग बॅटरी फुगली, गोंद ओला राहिला, अमावस्या आली. मामाजी दर वेळी “हाव, हाव” म्हणायचे. एसटीत उभा जन्म काढलेल्या माणसाला गाडी का सुटत नाही याची कारणं ऐकायची सवय असते.

उपचार लागू पडतोय असं वाटायला लागलं होतं. आणि एका सकाळी विमल चहा घेऊन गेली, तर ते पंखाकडे तोंड करून गेलेले होते.

ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “पाहू द्याले पायजे होतं.”

माती धाडला झाली. दहाव्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा, म्हणजे सिंधूमामींचा निरोप आला की त्यांच्या खोलीतलं सगळं सामान घेऊन या. चष्मा, काठी, घोंगडी आणि खाटेवरचं विमान, असं सगळं कामरानच्या टेम्पोत भरलं. पंख आत मावेना म्हणून टपावर दोरीनं बांधला. (बॅटरी भरलेली होती, हा निव्वळ योगायोग.)

धाडला नदीकाठी टेम्पो बाभळीखाली लावला. मेहुणा शालिग्राम ताजं मुंडण करून ओल्या धोतरात बसला. महाराजांनी विधी भराभर उरकले, कारण त्यांना पुढे दुसऱ्या गावी दुसरा दहावा होता. पिंड मांडला. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे होते. बाभळीवर काळी फुलं आल्यासारखे बसले होते, कालवा करत होते. पण एकही खाली येईना.

“बाबा, मायले काही कमी नाई पडू देनार,” शालिग्राम हात जोडून पिंडाला म्हणाला.

कावळे तिथंच.

“बाबा, वरचं वावर इकनार नाई.”

कावळे तिथंच.

“बाबा,” शालिग्रामनं आवाज खाली घेतला, “मी सोडतो. आजपासून बंद.”

सगळा गाव त्याच्याकडे बघू लागला. काय सोडतो हे त्याच्या बायकोलाही त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. इतकं होऊनही कावळा हलला नाही.

ऊन चढलं. महाराज घड्याळ बघत म्हणाले, “असं होतं कधी कधी. दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला मान्य आहे.”

मामी पहिल्यांदाच बोलल्या. “गवताचा नाई चालत. जलमभर दुसऱ्याची गाडी चालवली त्याइनं. जाताना तरी खरं वाहन भेटू द्या.”

माझ्या शेजारी विमल उभी होती. “माह्यामुळं,” ती म्हणाली. “मी उडवू नाई देल्लं. त्याइचा जीव त्याच्यात अटकला.”

“तसं नसते विमल.”

“मंग कावळा काऊन येत नाई?”

आणि ती मामींकडे वळून मोठ्यानं सगळं सांगून मोकळी झाली. लोकांनी आधी टेम्पोच्या टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाऊजी,” शालिग्राम उठला, “काढा ते खाली.”

“आत्ता? अरे बाबा, ते अजून एकदाबी उडालं नाई.”

“तं मंग आज उडन.”

माझ्या आयुष्यात इतके लोक मला बघायला कधी जमले नव्हते. लग्नातही नाही. कामराननं दोऱ्या सोडल्या. शालिग्रामनं पंख दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. मी रिमोट घेतला. विमलनं पदर तोंडावर ओढून घेतला. मामींनी आभाळाकडे पाहून हात जोडले.

“फेक,” मी म्हणालो.

शालिग्रामनं फेकलं.

ते उडालं. मोटर गरजली, पंख वर चढला, बाभळीच्या शेंड्यावरून झुकला आणि नदीवर एक अख्खी फेरी मारून परत आला. काळा, सरळ, घारीसारखा. महाराजही घड्याळ विसरले. मी मनात म्हणालो, मामाजी, पाहा. मग बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उठले आणि त्याच्या मागे लागले. त्या काळ्या गोंधळात विमान कोणतं आणि कावळा कोणता कळेना. आणि शेपटी नसल्यामुळे ते येतंय की जातंय हेही कळेना. मी डावीकडे घेतलं. ते नाकावर उलटलं आणि थेट खाली आलं.

पिंडावर.

भात उडाला. मडकं फुटलं. महाराजांच्या अंगावर तीळ, माझ्या चष्म्यावर भात आणि शालिग्रामच्या चकचकीत मुंडणावर अख्खा एक गोळा बसला. पंखाचे दोन तुकडे होऊन ते चिखलात पालथे रुतले.

मग कावळे उतरले. एक नाही, सगळे. भात वेचत आमच्या पायांतून फिरू लागले. एक तर शालिग्रामच्या डोक्यावर बसला. शालिग्राम डोळे घट्ट मिटून, हात जोडून, पुतळ्यासारखा उभा राहिला. तो टोचा खात होता आणि रडत होता.

“शिवला,” महाराज तीळ झटकत म्हणाले. “उत्तम शिवला. चला.”

विमल मटकन खाली बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. मामी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. “गेले तुहे बाबा,” त्या म्हणाल्या. “चांगले गेले.”

कामरान माझ्या कानाशी आला. “भाई, वो काला पंख ऊपर बंधा था ना, कौए उसकू मरेला कौआ समझे. वावरात मरेला टांगते का नै, तसं. वो हटा तो आ गये.”

“गप बैस बे,” मी म्हणालो. माझं त्याच्याशी इतक्या मनापासून कधी एकमत झालं नव्हतं.

आता शपथेचं. यातला एक तुकडा मी रचलेला आहे. श्रद्धांजलीचा बोर्ड खरा, बोंबील खरा, शालिग्रामच्या डोक्यावरचा कावळाही खरा. (खूण अजून आहे, तो टोपी काढत नाही.) रचलेली आहे ती नदीवरची फेरी. विमान उडालंच नाही. खाटेवर पंख उलटा असताना मी रिमोट जुळवला होता, त्यामुळे माझं वर ते त्याचं खाली झालं होतं. शालिग्रामनं फेकलं, मी वर घेतलं, डोळे मिटले, आणि ते त्याच्या हातातून सुटलं तसं सरळ पिंडात गेलं. कावळे उठले ते त्या आवाजानं.

बुलढाण्याला परतताना विमलनं विचारलं होतं, “मी तोंड झाकलं होतं. खरं सांगा, उडालं होतं का?”

मी म्हणालो, “उडालं. नदीवरून एक फेरी मारली.”

तिनं ते फोनवर मामींना सांगितलं. पण मामी त्या वेळी आभाळाकडेच बघत होत्या आणि आभाळात काळं काहीतरी फिरताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं, एक नाही, दोन फेऱ्या. तेव्हापासून धाडमध्ये दोनच चालतात. घाटावर हजर होती ती माणसंही आता दोनच सांगतात, आणि परवा मी पारावर एक म्हणालो तर एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघून शेजाऱ्याला विचारलं, “भगवानरावचा जवाई सरकारी कारकून हाय ना? अन् याले दोनपावतर मोजता येत नाई?”