सालोमीच्या वाढदिवसाचं वाडगं

"यंदा माझ्या वाढदिवसाला या घरात डुक्कर शिजणार नाही," सालोमीने जाहीर केलं, आणि थॉमसने हातातला कप खाली ठेवला.

सालोमी आणि थॉमस लोपीस यांचं घर बोळिंजच्या पलीकडे, जिथे नव्या उंच इमारती संपतात आणि केळीच्या वाड्या सुरू होतात तिथे. लग्न झाल्यापासून दर वर्षी सालोमीच्या वाढदिवसाला थॉमसचं अख्खं खानदान जेवायला यायचं. केक ते आणायचे. बाकी सगळं सालोमी करायची. मसाल्यात तासन्‌तास मुरवलेलं डुकराचं इंद्याल, वडे, कोंबडी, शिवाय कोणाला तिखट चालत नाही म्हणून वेगळा रस्सा. लोक बाहेरच्या खोलीत गाणं म्हणत तेव्हा ती ओट्यापाशी असायची, आणि टाळ्या वाजल्या की आपला केक कापला गेला हे तिला कळायचं.

"मग काय शिजणार?" थॉमसने विचारलं.

"वाडगं."

"म्हणजे?"

"खाली ज्वारी आणि लाल तांदूळ, मोकळे शिजवलेले. त्यावर वाल. त्यावर भाजलेल्या भाज्या. सुरण, रताळी, लाल भोपळा, वांगी, कांदे. वरून चिंच-नारळाची चटणी नि तीळ. ज्युलीकडे खाल्लं होतं मी, त्या एव्हरशाईनच्या मैत्रिणीकडे. एवढं आवडलं की रात्री स्वप्नात आलं."

"छान. आणि मटण?"

"नाही."

"थोडंसं? बाजूला?"

"नाही."

"सुके बोंबील तरी–"

"थॉमस, वाढदिवस कोणाचा?"

थॉमसने कप उचलला आणि तो वाडीत गेला. तिथून त्याने थोरल्या भावाला, स्टॅनीला फोन केला. अर्ध्या मिनिटात स्टॅनीचा फोन सालोमीला.

"सालोमी, काय ऐकतोय मी? उपवासाचे दिवस तर कधीच संपले. कोणी गेलंय का?"

"कोणी गेलं नाही, भावजी. मी जिवंत आहे, म्हणूनच सांगते."

"अगं पण वाडग्यात दाणा? तसं आमच्याकडे म्हशीला ठेवायचे."

"मग म्हशीचं दूध तुम्हाला कसं चाललं? यायचं तर वाडगं खायला या. नाही तर केक आणा, केक खा, नि जा."

स्टॅनीने यायचं ठरवलं. सालोमी ऐन वेळी विरघळेल याची त्याला खात्री होती. त्याने तीच खात्री बाकीच्या नातेवाइकांनाही दिली, त्यामुळे यंदा एकही माणूस गैरहजर राहणार नव्हता.

रविवारी मिस्सा सुटल्याबरोबर सालोमी घरी येऊन चिरायला बसली. भाज्यांचा ढीग केवढा झाला हे तिला चिरून झाल्यावर कळलं. तिने त्याला तेल, मीठ, मिरी, ठेचलेला लसूण चोळला आणि पहिला घाणा ज्युलीने दिलेल्या छोट्या ओव्हनमध्ये सरकवला. त्याच वेळी थॉमसने विहिरीचा पंप चालू केला. घरातला दिवा एकदा लालसर झाला, फट्‌ असा आवाज आला आणि पंखा, पंप, ओव्हन सगळे एकदम गप्प झाले. वायरमन आचोळ्याला बहिणीकडे गेला होता. तो फोनवर म्हणाला, "संध्याकाळी बघतो, तोवर कशाला हात लावू नका."

"देवाचीच इच्छा दिसते," थॉमस म्हणाला. "मी सांगतो, गॅसवर इंद्याल–"

"ज्वारी गॅसवर शिजतेय. वाल गॅसवर शिजतायत. भाज्या बेसिलच्या भट्टीत भाजतील. रिक्षा बोलाव."

बेसिलची बेकरी चर्चच्या रस्त्याला. सकाळचे पाव निघाले की त्याची लाकडावरची भट्टी दुपारपर्यंत धगधगत असायची, आणि रविवारी गावातली माणसं आपापलं भाजायचं सामान तिथे आणून द्यायची. सालोमीने भाज्या बेकरीच्या मोठ्या पत्र्यावर पसरल्या, वरून चंदेरी कागद लावला आणि बेसिलला बजावलं, "कडा जराशा काळ्या होऊ देत. पण फक्त कडा."

"सालोमीबाय, मी पाव काळा होऊ दिलाय का कधी?"

"पावाचं मला सांगू नको. सुरणाचं बघ."

दीड-दोन तासांनी तिने थॉमसला पत्रा आणायला पाठवलं. तेव्हा बेसिल मागच्या बाजूला लाकडं फोडत होता. टेबलावर चंदेरी कागदात गुंडाळलेले दोन सारखेच पत्रे होते. थॉमसने एक उचलून पाहिला, मग दुसरा. दुसरा चांगलाच जड होता. सुरण जड असतो, असं त्याने मनाशी म्हटलं. त्या कागदाआडून येणारा वास सुरणाचा नव्हता, हेही त्याच्या लक्षात आलं. त्यावर मात्र त्याने मनाशी काहीच म्हटलं नाही. तो पत्रा घेऊन रिक्षात बसला.

घरी सगळे जमले होते. केक आला होता. सालोमीने टेबलावर वाडगी मांडली, ज्वारी-तांदळाचं पातेलं आणि वाल आणून ठेवले, आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "आता बघा," म्हणून तिने कागद ओढला.

आत डुकराचं पिल्लू होतं. अख्खं. पाय दुमडून, पाठ लालबुंद खरपूस, तोंडात टोमॅटो.

स्टॅनीने टाळी वाजवली. "शाब्बास! मी म्हणत नव्हतो? आम्हाला काय फसवलंस गं, सालोमी! वाडगं म्हणे!"

मागून कोणीतरी गाणं सुरू केलं. एक पुतण्या फोन उंच धरून फोटो काढू लागला. स्टॅनीच्या हातात सुरी कुठून आली ते कळलंच नाही.

"सुरी खाली ठेवा, भावजी."

"अगं, आता कसला राग? देवानेच पाठवलंय."

"देवाने पाठवलं असतं तर बेसिलकडून पाठवलं नसतं." सालोमीने कागद परत झाकला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि बेसिलला फोन लावला. बेसिल आधीच घामाघूम होता. पिल्लू प्लासिडचं होतं, पलीकडच्या आळीतल्या. त्याच्या मुलाचं लग्न जमवायला आज मुलीकडची माणसं येणार होती. प्लासिडचा माणूस येऊन उरलेला पत्रा घेऊनही गेला होता.

"उचल," सालोमी थॉमसला म्हणाली.

"आता? सगळे उपाशी आहेत. प्लासिड काही बोलणार नाही, आपण त्याला नंतर–"

"माझ्या भाज्या त्याच्या टेबलावर आहेत. उचल."

रिक्षात थॉमसच्या मांडीवर पिल्लू आणि शेजारी सालोमी. मागोमाग स्कूटरवर स्टॅनी, पत्र्यावरची नजर न हलवता.

प्लासिडच्या फाटकाशी रिक्षा थांबते न थांबते तोच त्याची बायको लविना साडी सावरत धावत बाहेर आली. तिने पत्रा पाहिला आणि दोन्ही हात आडवे केले.

"सालोमीबाय, पाया पडते, ते आत आणू नको!"

"मला आत यायचंच नाही. माझ्या भाज्या दे."

"हळू बोल गं! मुलगी वाण्यांची आहे. रोशनी. शुद्ध शाकाहारी माणसं. दोन आठवडे मी प्लासिडला सांगतेय, आज साधा वरण-भात करू. तर हा म्हणतो, माझ्या घरात सून यायची तर माझं ताट बघून येऊ दे, मी काही लपवणार नाही. मुद्दाम पिल्लू सांगितलं त्याने. अख्खं! आणि त्यांच्यासमोर ऐटीत कागद ओढला, तर आत काय? भोपळा!"

"मग?"

"मग काय, मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, आमच्यासाठी एवढं केलंत? प्लासिडचं तोंड उघडंच राहिलं. मीच म्हटलं, हो, खास तुमच्यासाठी, सकाळपासून राबतेय."

"तू राबतेयस?"

"चुकलं माझं. पण मुलाच्या लग्नाचा प्रश्न आहे, बाय."

सालोमीने तिच्याकडे पाहिलं. लविनाच्या कपाळावर घामाने केस चिकटले होते. थोडा राग तिथेच उतरला असता, पण सालोमीने आणखी एक प्रश्न विचारला.

"खातायत कशाबरोबर?"

"पावाबरोबर."

"पावाबरोबर?" सालोमीचा आवाज माडापर्यंत गेला. "रताळं पावाबरोबर? अगं, त्याच्याखाली ज्वारी लागते! वाल लागतात! चटणी कुठाय?"

तो आवाज ऐकून मुलीचे वडील हितेशभाई ओटीवर आले. पाठोपाठ प्लासिड. थॉमसने घाईघाईने रिक्षाचा पडदा सोडला आणि पत्र्यावर ओणवा झाला. स्टॅनी स्कूटर घेऊन पडद्यासमोर उभा राहिला आणि काही कारण नसताना हॉर्न वाजवू लागला.

"कोण आलंय?" हितेशभाईंनी विचारलं.

लविना सालोमीकडे बघत होती. एक शब्द बोलू नको, असं तिचे डोळे सांगत होते. सालोमीला ते कळलं. गप्प राहणं सोपं होतं. आजवर तिने केलेल्या इंद्यालाला लोक थॉमसच्या आईच्या हातची चव म्हणत आले होते, वड्यांना नणंदेच्या. आणि आता भाज्या लविनाच्या.

"मी सालोमी," ती म्हणाली. "तुम्ही खाताय त्या भाज्या माझ्या आहेत. मी चिरल्यात, मी मसाला लावलाय. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. आज माझा वाढदिवस आहे. बेकरीत पत्रे बदलले."

लविनाने डोळे मिटून घेतले.

"अच्छा," हितेशभाई म्हणाले. मग वळून त्यांनी विचारलं, "मग तुमच्या पत्र्यात काय होतं, प्लासिडभाई?"

स्टॅनीचा हॉर्न थांबला. दोन आठवडे छाती पुढे काढून फिरणारा प्लासिड आता खांबाला धरून उभा होता. आतून त्याचा मुलगा ज्युलियस आणि रोशनी दोघं दारात आली होती.

"सांगा ना," सालोमी म्हणाली. "तुम्ही काही लपवणार नव्हता म्हणे."

प्लासिडने घसा साफ केला. "डुक्कर," तो म्हणाला. "अख्खं."

"हां," हितेशभाई म्हणाले. "तरीच म्हटलं मी."

"म्हणजे?"

"रोशनीने कधीच सांगितलंय आम्हाला, तुमच्याकडे रविवारी काय असतं ते. आम्ही तयारीनेच आलोय. थेपले, छुंदा, दही, सगळं गाडीत आहे. तुम्ही तुमचं खाल, आम्ही आमचं खाऊ, त्यात काय! पण इथे भाज्या निघाल्या. बायको म्हणाली, डबा गाडीतच राहू दे, यांना वाईट वाटेल."

प्लासिड ओटीच्या पायरीवर खाली बसला. दोन आठवडे तो ज्यांच्याशी भांडायची तयारी करत होता, ते भांडायला आलेच नव्हते.

"म्हणजे पिल्लू चाललं असतं?" त्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुमच्या ताटात? खुशाल. पण आता बेनच्या भाज्या चाखल्या, आता त्याच खाणार." हितेशभाई सालोमीकडे वळले. "बेन, ज्वारीचं काय म्हणत होता तुम्ही?"

सालोमीने हितेशभाईंकडे नीट पाहून घेतलं. तिच्या स्वयंपाकात काय कमी आहे असं नाही, काय असतं असं विचारणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला होता.

"थॉमस!" तिने रिक्षाकडे बघून हाक मारली. "भाज्यांच्या बदल्यात पिल्लू आपलं. ते भावजींकडे दे आणि घरी जा. ज्वारीचं पातेलं, वाल, चटणी घेऊन ये. तीळ विसरू नको."

"आणि आपली माणसं?"

"त्यांनी वाडगं नको म्हटलं होतं ना? भावजी, सगळ्यांना घेऊन बेसिलकडे जा. पाव असतील. पण ते जनावर माझ्या घरात जाणार नाही, आज तरी."

स्टॅनीने पत्रा स्कूटरवर पुढे आडवा घेतला. प्लासिड लगबगीने फाटकापर्यंत आला. "स्टॅनी, ऐक. कान तरी ठेव माझ्यासाठी. आणि जरा पाठीची कातडी."

"प्लासिड!" आतून लविना ओरडली. "पाहुणे बसलेत!"

स्कूटर गेली. खरपूस वास कोपऱ्यापर्यंत दिसत असल्यासारखा प्लासिड त्याच्याकडे बघत राहिला.

थॉमस पातेलं घेऊन आला तोवर सालोमी आत पाहुण्यांत बसली होती. सालोमी उठून वाढायला लागणार, तेवढ्यात रोशनीच्या आईने तिच्या हातातला डाव काढून घेतला. "बेन, बसा तुम्ही. वाढदिवस तुमचा ना?" तिने लविनाकडून वाडगं घेतलं, खाली ज्वारी-तांदूळ घातले, वर वाल, बाजूला सुरण, भोपळा, वांगं, वरून चटणी, आणि ते सालोमीच्या हातात दिलं. थॉमस कोपऱ्यात स्टुलावर बसून आपलं वाडगं खात होता. त्याने दोनदा मागून घेतलं, पण सालोमीकडे बघणं टाळलं.

"प्लासिडभाई," हितेशभाई बोटं चाटत म्हणाले, "लग्नात हेच ठेवू. तुमचं तुमचं असेलच, पण आमच्या पंगतीला हे. काय?"

"ठेवू की," प्लासिड म्हणाला. आता तो कशालाही हो म्हणायच्या मनःस्थितीत होता.

आणि सगळ्या माना एकदम सालोमीकडे वळल्या. ते वळण ती पुरेपूर ओळखत होती.

"सालोमीबाय," लविना गोड आवाजात म्हणाली, "तू करशील ना? तुझ्या हाताला चव आहे गं. चार-पाचशे माणसं तर असतील फक्त."

"नाही," सालोमी म्हणाली.

"नाही?"

"लग्नाला मी पाहुणी म्हणून येईन. नवी साडी नेसून पंगतीत बसेन. कसं करायचं ते शिकवीन, हवं तर उद्यापासून. पण सुरण प्लासिडने चिरायचा."

"मी?" प्लासिड दचकला. "अगं, त्याने हात खाजतात!"

"हो, खाजतात," सालोमी म्हणाली आणि तिने रोशनीच्या आईपुढे वाडगं धरलं. "अजून थोडं घाला हं. वाल जास्त."