बिनपंख्याचा राउटर

थोरल्या लेकीला स्थळं बघताना काशीनाथरावांनी घातला नव्हता, तेवढा घोळ त्यांनी राउटर निवडताना घातला. गंगाखेडच्या एका शाळेत ते क्लार्क. कंपनीनं भिंतीवर ठोकून दिलेला राउटर त्यांना बिनडोक वाटे. साध्या कॉम्प्युटरचाही राउटर करता येतो, असं व्हिडिओत बघून त्यांनी आपला आपणच जुळवायचं ठरवलं. धाकट्या ईश्वरीची येत्या सोमवारी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, त्यामुळे घाईही होती.

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर पहिल्याच फेरीत बाद झाला. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. दुसरा तळहाताएवढा, पण त्याला केबलचं एकच भोक. बाहेरची लाइन आत घ्यायला एक आणि घरात सोडायला एक, अशी दोन हवीत. शेवटी परभणीहून दोन भोकांचा, चपटा डबा आला.

"ह्याला पंखाच न्हाई," त्यांनी बायकोला, लीलाबाईंना दाखवलं. "सगळी गरमी ह्या झाकणातून वर जाती. हात लावून बघ."

"लय छान हाय," लीलाबाई म्हणाल्या. बायकोला आपली एखादी वस्तू प्रथमच आवडली म्हणून काशीनाथराव दिवसभर शीळ घालत हिंडले.

दुसऱ्या दिवसापासून राउटर बंद पडू लागला. तेही ते शाळेत गेल्यावरच. घरी आले की गुणी बाळासारखा चाले. त्यांनी मेमरी बदलली, केबली बदलल्या, प्रोग्राम दोनदा नव्यानं टाकला. सोमवारी रजा टाकून ईश्वरीच्या खोलीबाहेर पहारा दिला.

सव्वादहाला आतून आवाज आला, "बाबा, नेट गेलं."

ते दिवाणखान्यात धावले. डब्यावर टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं होतं.

"हे काय हाय?"

"विरजण. थंडीत दही लागंना. ह्याच्यावर चार तासांत कवडी पडायलीय."

"त्याचा जीव गुदमरायलाय, अन् तिची मुलाखत चालू हाय!"

ईश्वरीनं मोबाइलच्या नेटवर मुलाखत उरकली आणि साहेबांना खरं कारण सांगून टाकलं. ते पोट धरून हसले. संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचा निरोप आला, तेव्हा काशीनाथरावांची छाती फुगली.

"बघितलं? माझ्या राउटरात खोट नव्हती. उद्यापासून पातेलं हलवायचं."

"नोकरी कशानं लागली? सकाळी लेकीच्या हातावर दही-साखर ठेवली म्हणून," लीलाबाई म्हणाल्या. "ते दही ह्याच्यावरच लागलं होतं. शेजारच्या सुलाबाईबी उद्या दूध आणायल्यात. डबा हितंच राहू द्या. तुमी इंटरनेट हलवा."

काशीनाथरावांनी आधारासाठी ईश्वरीकडं पाहिलं. ती दुसऱ्यांदा दही वाढून घेत होती.