इंडिपेंडंटला दोन इंच उचला!

गाडीतलं मला सगळं कळतं. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायला तयार होत नाही! त्यामुळे माझी बायको अनुपमा गावची उपसरपंच होणार अशी चिन्हं दिसायला लागली, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल? आमच्या पिकअपला मोठे टायर घ्यायचं ठरवलं!

"उपसरपंचपदाचा आन् टायरचा काय संबंध?" अनुपमाने विचारलं.

"मिरवणूक! तू गाडीत उभी राहणार. गाडी जेवढी उंच, तेवढी तू उंच!"

"आधी हौशीराम मेंबरांचं मत मिळू द्या. मग मला आभाळाला लावा."

तिचं बरोबर होतं. आमच्या ग्रामपंचायतीत पाच मतं अनुपमाच्या बाजूची, सरपंच धरून पाच समोरच्या पॅनलची. बरोबरी झाली की सरपंच जादा मत टाकणार आणि अनुपमा घरी येणार. अकरावं मत हौशीरामचं; तो आला नाही की बरोबरी ठरलेली. तो कुठल्याच पॅनलचा नव्हता. निवडून आल्यावर त्याने आपल्या पिठाच्या गिरणीवर मोठी पाटी लावली, 'हौशीराम, इंडिपेंडंट मेंबर'. तेव्हापासून गावात अपक्ष हा शब्दच कुणी वापरत नाही. इंडिपेंडंट म्हटलं की हौशीराम! "इंडिपेंडंट आलाय का?" "इंडिपेंडंट जेवलाय का?" असंच चालतं.

अनुपमाने या पदासाठी जिवाचं रान केलं होतं. वाड्यावस्त्यांवरच्या पाण्याच्या टाक्या दोन वर्षं कोरड्या होत्या, आणि त्या भरल्याशिवाय गप्प बसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. निवडीच्या मीटिंगला एकच दिवस उरला होता आणि हौशीरामनेही तिला शब्द दिला होता. म्हणजे माझ्याकडे काही काम उरलंच नव्हतं. मी टायर आणायला तळेगाव ढमढेऱ्याला गेलो.

गॅरेजवाला साई टायर बघून म्हणाला, "म्हेंद्रशेठ, हे टायर ट्रॅक्टरचं धाकटं भाऊ दिसत्यात. ह्या गाडीला न्हाई जमायचे. पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन हाय."

"मग चांगलंच हाय की!"

"चांगलं हाय, पण पुढची दोन चाकं आपापली वरखाली व्हत्यात. खड्ड्यात गेलं की चाक वर घुसतंय. त्यात तुम्ही स्टेअरिंग वळवलं की एवढा मोठा टायर पत्र्याला घासणार."

"तू बसव! मला गाडीतलं सगळं कळतं!"

त्याने बसवले. काय दिसत होती हो गाडी! रस्त्यावरची कुत्री भुंकायच्या ऐवजी बाजूला झाली. सरळ रस्त्याने मी राजासारखा गावात आलो. अनुपमाने दळण आणायला सांगितलं होतं म्हणून गिरणीकडे डावीकडे वळलो, आणि पुढून 'घर्र्र्र' असा आवाज आला की गिरणीवरच्या बायकांनी कानावर हात ठेवले. गाडी डावीकडे वळेचना! उजवीकडे नाइलाजाने का होईना, थोडी वळत होती. डावीकडे स्टेअरिंग जागच्या जागी अडत होतं.

मी गिरणीच्या दारातच थांबून साईला फोन लावला. आत गिरणी धडधडत होती, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं. खरं सांगायचं तर एरवीही मी ओरडूनच बोलतो.

"साई! हा इंडिपेंडंट लय नडतोय! वळवायला गेलं की घासतोय!"

साई म्हणाला, एक उपाय आहे. पुढून गाडी दोन इंच उचलून घेऊ.

"मग उचल की! मीटिंगच्या आधी उचल! दोन इंच कशाला, चांगला हातभर उचल!"

साई म्हणाला, इंडिपेंडंटला फार उचलता येत नाही, सांधे निखळतात. त्यापेक्षा आतला पत्रा थोडा कापू आणि ठोकून चपटा करू.

"निखळू देत सांधे! न्हाईतर सरळ काप! ठोकून चपटा कर! पण उद्या सकाळी सस्पेन्शनचा निकाल लागला पाहिजे!"

फोन खिशात टाकला आणि आत गेलो. गिरणीवर हौशीरामची बायको रंभा उभी होती. तिच्या हातातून पिठाचं माप खाली पडलं.

"वहिनी, मेंबर कुठं हायेत?" मी सहज विचारलं.

"न... न्हाईत! कुठंच न्हाईत!" ती म्हणाली. पोत्यांच्या मागून कुणीतरी खोकलं. पिठाने ठसका लागला असेल म्हणून मी दळण उचललं आणि निघालो.

संध्याकाळी अनुपमा दारातूनच ओरडत आली.

"काय केलंत तुम्ही? हौशीराम मेंबर गावातनं पळाले!"

"पळाले? का?"

"रंभावहिनी चौकात रडतीय! तुम्ही म्हणं त्यांना मीटिंगच्या आधी उचलणार, सांधे निखळवणार, कापणार, आन् ठोकून चपटा करणार! वर सस्पेंड बी करणार!"

मी डोक्याला हात लावला. "अगं, ते मी गाडीबद्दल बोलत होतो! गाडीला इंडिपेंडंट असतो!"

"गाडी कवापासून निवडणुकीला उभी राहायला लागली?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "मी मच्छिंद्र बोलतोय, खुटबाववरनं. हौशीरामचा सासरा. जावई कुठं हायेत ते आमी मेलो तरी सांगणार न्हाई! आमच्या उसातल्या वस्तीवर कुणी पाऊल टाकलं तर तंगडं मोडीन!"

"बरं आबा," अनुपमा म्हणाली आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. "खुटबावला उसातल्या वस्तीवर हायेत. सकाळी जायचं, माफी मागायची, आन् दोनच्या मीटिंगला माणूस आणायचा. न्हाई आणला, तर तुम्ही बी तिकडंच ऱ्हावा."

सकाळी उठून भीमा ओलांडली आणि दौंड तालुक्यात शिरलो. गॅरेजला जायला वेळच नव्हता. सरळ रस्ता आला की मी गात होतो, डावं वळण आलं की पुढे-मागे करत घाम पुसत होतो. खुटबावच्या उसात आदल्या दिवशी पाणी सोडलेलं. वस्तीकडची वाट म्हणजे चिखलाचा नुसता काला! आणि त्या काल्यात मध्यभागी पांढरी जीप रुतून बसलेली. तिच्या टपावर सावळाराम आप्पा, समोरच्या पॅनलचे पुढारी, धोतर सावरत बसले होते. 'मेलो तरी सांगणार न्हाई' असा फोन मच्छिंद्र आबांनी त्यांनाही केला असावा!

"म्हेंद्रा, पुढं जाऊ नको! गाळ लय खोल हाय! आमी पहाटंपासनं हितंच हाय!"

मी गिअर टाकला. आणि वाचकहो, काय सांगू! ते टायर त्या चिखलात असे चालले, जसे घरच्या अंगणात चालावेत. एक चाक खाली, एक चाक वर, गाडी मात्र आडवी झाली नाही. साई म्हणाला होता तसं प्रत्येक चाक आपापलं बघत होतं. आप्पांच्या धोतरावर नक्षी उमटवून मी पुढे निघून गेलो. वस्ती डाव्या हाताला होती. मी उसाच्या कडेने उजवीकडून मोठा वळसा घालून मागच्या दाराने अंगणात शिरलो. कोंबड्या पत्र्यावर गेल्या.

आबा काठी घेऊन बाहेर आले. त्यांच्या मागे हौशीराम.

"मेंबर, माफ करा! गैरसमज झालाय!" मी खाली उडी मारली. "इंडिपेंडंट म्हंजी तुम्ही न्हाई! ही चाकं! ह्यांना उचलायचं होतं!"

मी त्याला गाडीखाली वाकायला लावलं, घासलेला पत्रा दाखवला, सस्पेन्शन दाखवलं. हौशीरामने सगळं नीट पाहिलं. मला वाटलं, आता सुटलो. पण त्याचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला!

"म्हंजी... मला उचलायचं ठरलंच नव्हतं?"

"न्हाई हो!"

"कापायचं बी न्हाई?"

"अजिबात न्हाई!"

तो मटकन ओट्यावर बसला. आबांनी काठी खाली ठेवली आणि जावयाकडे पाहिलं. त्या नजरेतला रात्रभराचा मान भराभर उतरत होता. "जावई, तुम्ही तर म्हणला, आख्खा तालुका मागं लागलाय."

हौशीराम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दुसऱ्या गावात मेंबराला उचलत्यात, सहलीला नेत्यात, बोटीत बसवत्यात. दोन वर्षं झाली, मला कुणी साधं तळेगावपातुर नेलं न्हाई. मी न्हाई येत मीटिंगला. जा तुम्ही."

मला त्याचं फार वाईट वाटलं. आणि घड्याळ बघून माझंही! मी घसा साफ केला आणि उसाच्या पलीकडे ऐकू जाईल असा ओरडलो.

"आबा, मगाशी मी खोटं बोललो! तुमच्या धाकानं बोललो! मी ह्यांना उचलायलाच आलोय! ह्या माणसाशिवाय आमच्या गावचं पान हलत न्हाई! सावळाराम आप्पा बी त्यासाठीच पहाटंपासनं गाळात बसल्यात!"

आबांनी पुन्हा काठी उचलली. हौशीराम ताठ उभा राहिला, मिशीवरून हात फिरवला. "आबा, ऱ्हाऊ द्या. उचलू द्या त्यांना. राजकारणात असं व्हायचंच." मग माझ्या कानात म्हणाला, "नीट उचला. सासूबाई बघत्यात."

गाडी एवढी उंच झाली होती की त्याला खरोखरच उचलावं लागलं! मी वरून ओढला, खालून आबांनी रेटा दिला, सासूबाईंनी ओवाळलं. जाताना आप्पांच्या जीपला दोर बांधून तीही बाहेर काढली. आप्पा मागे, आम्ही पुढे!

दोनच्या मीटिंगला हौशीराम सगळ्यांच्या शेवटी आत शिरला. "मला उचलून आणलंय," त्याने आधी सगळ्यांना सांगितलं, "पण माझं मत माझंच हाय." आणि अनुपमाच्या नावाला असा हात वर केला, की बाकीच्या पाचांचे हात दिसेनासे झाले. सहा विरुद्ध पाच! अनुपमा उपसरपंच! तिचे डोळे भरून आले. माझे तर केव्हाच भरले होते.

हलगी कडाडली, गुलाल उडाला. पिकअपवर हार घातलेली अनुपमा, शेजारी हौशीराम, आणि स्टेअरिंगवर अस्मादिक. चौकात आलो. मिरवणूक डावीकडे देवळाकडे जायची.

घर्र्र्र!

मागे अख्खं गाव नाचत होतं. रिव्हर्स कुठे घेणार? मी सरळ गेलो. हलगीवाले सरळ आले. गाव संपलं, शेतं लागली, तरी लोक नाचतच होते. वरून चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता अनुपमा पुटपुटली, "अहो, वळवा."

"वळत न्हाई!"

"मग कुठवर जायचं?"

"उजवीकडं रस्ता येईस्तोवर!"

तो आला थेट पुढच्या गावात, ग्रामपंचायतीच्या दारातच. आमची हलगी ऐकून तिथले उपसरपंच जेवता जेवता उठून बाहेर आले. समोर त्यांनी पाहिली ती डोंगराएवढी गाडी, गुलालाने माखलेलं अख्खं गाव आणि हार घालून हात जोडणारी अनुपमा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ताई," खरकटा हात तसाच जोडून ते म्हणाले, "मी अजून राजीनामा दिलेला न्हाई हो!"